चिरेनाक्यावरची पिवळी पट्टी

सुजय तांबे सर आमच्या शाळेत इतिहास शिकवतात. शाळा देवरूखच्या रस्त्यावर, रत्नागिरीपासून एसटीने तासाभराच्या वाटेवर. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही दोघंही राहतो रत्नागिरीत, त्यामुळे गेली कित्येक वर्षं सकाळी एकाच थांब्यावरून एकाच गाडीत चढतो. सरांना दिसत नाही. पण ही गोष्ट सांगताना लोकांना जी आधी सांगावीशी वाटते, ती सरांच्या लेखी फार मोठी नव्हती. त्यांच्या लेखी मोठी गोष्ट ही होती की, ते घरातून शाळेपर्यंत एकटे जातात आणि एकटे परत येतात.

सरांचं गाव देवरूखच्या वर, डोंगराच्या कुशीत. वडील मुंबईत एका गोदामात कामाला होते, गणपतीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत यायचे. वाडीतल्या विहारात संध्याकाळी मुलं वंदना म्हणायची. सगळ्यांच्या आधी सरांची पाठ व्हायची. कॉलेजात असताना फळ्यावरची अक्षरं पुसट व्हायला लागली. मग फळा पुसट झाला. पुढच्या काही वर्षांत सगळंच गेलं. वडील म्हणाले, मुंबईला ये, कुठल्या तरी कचेरीत टेलिफोनवर बसवतो. सर गेले नाहीत. मित्रांकडून पुस्तकं वाचून घेतली, बीएड केलं आणि शिक्षक झाले. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नर्स असलेल्या स्वप्नाशी लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "शाळेत सोडायला कोण जाईल?" सर म्हणाले होते, "एसटी."

आमचा थांबा चिरेनाक्यावर. जुन्या बाजाराच्या तोंडाशी चिऱ्याच्या तीन भिंतींची, वर कौलं घातलेली एक शेड होती, म्हणून तो चिरेनाका. आतल्या गावांकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबायच्या. मला ती शेड काळोखी आणि कोंदट वाटायची. सरांना ती तोंडपाठ होती. एका टोकाला सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायका, दुसऱ्या टोकाला पेपरवाला. शेडमध्ये शिरलं की काठीचा आवाज बदलायचा, बाहेर आलं की मोकळा व्हायचा. गटारावर एक लोखंडी झाकण होतं. गाडीचं चाक त्यावरून गेलं की खणकन वाजायचं आणि सर पुढे व्हायचे, कारण दार बरोबर त्यांच्यासमोर येऊन थांबणार हे ठरलेलं असायचं. मी गप्पांत असले तर तेच मला म्हणायचे, "चला बाई, गाडी आली."

मग बाजार सुधारायचं ठरलं. रस्ता रुंद होणार, दुकानांपुढे फूटपाथ येणार, गाड्यांना वेगळी जागा मिळणार आणि शेडच्या जागी नवा थांबा होणार. चांगलंच होतं ते. पावसात त्या बाजारातून चालणं किती कठीण जायचं, ते मला ठाऊक आहे. शेड पाडली तेव्हा सर म्हणाले, "नवीन होऊ दे. नवीन पाठ करू."

पण नवीन काही लगेच होत नाही, आधी जुनं जातं. सगळीकडे पत्रे उभे राहिले. आज इथे खणलेलं, उद्या तिथे. गाडी मिळेल त्या जागी थांबायची, कधी औषधांच्या दुकानापुढे, कधी वळणाच्या पलीकडे. एका सकाळी मी पोचायच्या आधी सर पाइपासाठी खणलेल्या चरात पडले. मी आले तेव्हा दोन माणसं त्यांना वर घेत होती. काठी मोडली होती, तळहात सोलवटला होता, पँट लाल मातीने भरली होती. मी म्हटलं, घरी चला. ते म्हणाले, "पहिला तास नववीचा आहे." तसेच आले, तसेच शिकवून गेले. मधल्या सुट्टीत मात्र शिक्षकांच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून राहिले, डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्वप्नाताई त्यांना स्कूटरवरून सोडायला लागल्या. हॉस्पिटलमधली ड्यूटी सांभाळून, गाडी सापडेपर्यंत थांबून, हाताला धरून चढवून देऊन. त्यांची काही तक्रार नव्हती. सरांची होती, पण ती कुणाजवळ करायची हे त्यांना कळत नव्हतं. मी एकदा म्हटलं, "तुमच्या घरावरूनच माझा रस्ता आहे, मी येत जाईन तुम्हाला घ्यायला." ते एवढंच म्हणाले, "तुम्ही नका येऊ, बाई." त्या स्वरात असं काही होतं की, मी पुन्हा विषय काढला नाही. रविवारची वाचनालयातली फेरीही त्यांनी बंद केली. शहरातल्याच एखाद्या शाळेत बदली मागावी, असं त्यांच्या मनात घोळायला लागलं होतं.

त्यांना पुन्हा रस्त्यावर आणलं ते दर्शना शिवलकरांनी. दर्शनाताई एसटीच्या कंट्रोलर. शेड गेल्यावर त्यांना पत्र्याची एक केबिन दिली होती, ती रोज त्याच जागी असायची एवढाच तिचा गुण. सकाळी गर्दीत कुणालाच कुठली गाडी कुठे लागलीय ते कळत नसे, म्हणून त्यांनी कुठून तरी हातातला भोंगा मिळवला आणि केबिनच्या पायरीवर उभं राहून गाड्यांची नावं आणि जागा सांगायला सुरुवात केली. एके दिवशी सरांना स्कूटरवरून उतरताना पाहून त्या जवळ आल्या.

"सर, उद्यापासून वहिनींना त्रास देऊ नका. माझ्या आवाजाच्या रोखाने या. केबिनला पाठ लावून उभे राहा. तुमची गाडी मी केबिनपाशी घेईन."

"ड्रायव्हर ऐकतील?"

"ऐकतील. मला रोज तोंड दाखवायचं असतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी सर एकटे आले. पत्र्यांना चाचपत, दोनदा चुकून, घामाघूम होऊन आले, पण आले. केबिनला पाठ लावून उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी घरी परतलेल्या माणसासारखं समाधान होतं.

पुढे नव्या थांब्याविषयी लोकांचं म्हणणं ऐकायला एक सभा झाली. भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावला होता. दुकानदार पार्किंगबद्दल बोलले, रिक्षावाले स्टँडबद्दल. शेवटी सर उठले आणि म्हणाले, "मला हा नकाशा दिसत नाही. मग मी सूचना कशावर करू?" कुणी तरी हसलं, कुणी तरी त्याला गप्प केलं, आणि सभा संपली.

बाहेर पायऱ्यांवर एक मुलगी मागून धावत आली. तिचं नाव आरोही, कामावरची इंजिनिअर, कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते. "सर, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मला चार दिवस द्या." चार दिवसांनी ती आमच्या शाळेत आली ती हातात एक मोठी परात घेऊन. परातीत पुठ्ठ्याचा फूटपाथ, काडेपेट्यांची बाकं, पेन्सिलींचे खांब आणि साबणाच्या वडीची एसटी. सरांनी बोटं फिरवायला सुरुवात केली आणि आम्ही सगळे शिक्षक भोवती उभे राहिलो. मलाही तो थांबा त्या दिवशीच पहिल्यांदा समजला, नकाशावर नव्हता समजला.

"तुम्हाला काय हवं, सर?" आरोहीने विचारलं.

सरांनी बोटाने सरळ रेघ ओढली. फूटपाथच्या टोकापासून थांब्याच्या मधून थेट गाडीच्या दारापर्यंत. "इथून इथे. मध्ये कुणाला विचारायला लागू नये."

तिने ते केलं. पायाला कळतील अशा उठावाच्या पिवळ्या फरशा असतात, त्यांची सरळ पट्टी थांब्याच्या बरोबर मधून आली. थांबा सुरू झाला त्या सकाळी सर त्या पट्टीवरून चालत गेले. वेग नेहमीपेक्षा जास्त होता. मला आवडलं ते त्यांचं चालणं. मान वर, काठी हलकी, जणू रस्ता आपणहून त्यांच्या पायाखाली येत होता. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बाई, आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी मला विचारून रस्ता केला."

तो आनंद आठवडाभरही टिकला नाही.

वरच्या गावांतून भाजी घेऊन येणाऱ्या बायका त्याच थांब्यावर उतरतात. त्यांच्यात जनी गोताड, आमची सगळ्यांची जनीमावशी. साठीच्या आसपासची, काटक, काकड्यांची नाही तर पडवळांची पाटी डोक्यावर घेऊन भराभर चालणारी. त्या सकाळी ती गाडीतून उतरली, मागून चढणाऱ्यांची रेटारेटी होती, आणि दोन पावलं टाकते न टाकते तोच तिचा अंगठा पट्टीच्या कडेला अडकला. पाटी पुढे गेली, तिच्यामागून ती. काकड्या रस्ताभर झाल्या. ती हातावर पडली होती आणि तो हात भलत्याच कोनात वाकला होता.

सरांनी सगळं ऐकलं होतं. "कोण पडलं? कशाला अडकल्या?" त्यांनी विचारलं. मी काकड्या बाजूला करत पुढे झाले. दर्शनाताईंनी रिक्षाला हात केला. जमिनीवरून जनीमावशीच म्हणाली, "ह्या पिवळ्या फरशीला, दुसऱ्या कशाला."

सर त्या दिवशी शाळेत आले नाहीत. जनीमावशीला रिक्षात घालून दर्शनाताई सिव्हिल हॉस्पिटलला निघाल्या तेव्हा तेही बसले. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर होईपर्यंत सर बाहेर बाकावर बसून होते, मग आत मावशीच्या खाटेपाशी गेले. तिथलं बोलणं मला नंतर स्वप्नाताईंनी सांगितलं, त्या त्याच वॉर्डात होत्या.

सर म्हणाले, "मावशी, ती पट्टी माझ्या सांगण्यावरून घातली."

मावशीने प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाली, "गुरुजी, तुमाला दिसत नाय ता आमाला कळतंय. पन म्हनून आमच्या पायात कशाला घातलात?"

 सरांनी विचारलं, "तुम्हाला ती पट्टी दिसली नाही का? पिवळी आहे म्हणतात."

"डोक्यावर पाटी आसली का मान खाली करता येती काय? आमी समोर बघून चालतो. खालचा माला पन नाय दिसत."

स्वप्नाताई म्हणाल्या, हे ऐकून सरांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी खुर्ची मावशीच्या खाटेजवळ ओढली आणि विचारलं, "तुम्ही गाडीतून उतरता तेव्हा पहिलं पाऊल कुठे टाकता? सांगा मला, सगळं सांगा." आणि मावशी सांगत राहिली. गाडीची पायरी किती उंच, पाटी उतरवून घ्यायला कुणी नसलं तर कशी पंचाईत होते, उतरल्यावर भिंतीच्या बाजूला का जात नाही आणि रस्त्याच्या बाजूने का चालते.

इकडे नाक्यावर वातावरण तापलं होतं. दुकानदार म्हणत होते, त्या फरशा उखडून टाका. दोन-तीन म्हातारी माणसंही अडखळली होती. त्यांचं काही खोटं नव्हतं. आरोहीला वरून निरोप आला की, पट्टी काढून साधी फरशी घाला आणि विषय संपवा. ती शाळेत आली तेव्हा रडवेली झाली होती. तिला वाटत होतं, सर रागावतील.

सर म्हणाले, "काढ. ती तिथून काढायलाच हवी. पण सगळी काढून टाकू नको. आधी एक सकाळ मला दे. जनीमावशींना घेऊन येतो."

ती सकाळ मी पाहिली आहे. मावशीचा हात गळ्यात अडकवलेला, तरी दुसऱ्या हाताने डोक्यावर रिकामी पाटी धरून आलेली. दर्शनाताईंनी एक गाडी जरा जास्त वेळ थांबवून ठेवली. ड्रायव्हर कुरकुरला, मग तोही खाली उतरून बघायला लागला. मावशी गाडीतून उतरली, चालली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. सर तिच्या मागून कान देऊन. आरोही खडूने जमिनीवर तिची वाट आखत होती. मग सर चालले आणि त्यांची वाट आखली. दोन्ही वाटा एकमेकींना दारापाशीच कापत होत्या. बाकी सगळीकडे त्यांना एकमेकींची गरज नव्हती, अडचणही नव्हती.

"गुरुजी, तुमी भिंतीकडून जावा ना," मावशी म्हणाली. "बाकड्यांच्या मागून. तिथं आमचा काय काम नाय."

"मागे जागा आहे?" सरांनी विचारलं.

आरोहीने टेप लावून मोजलं. "बाकं थोडी पुढे घेतली तर आहे."

"मग मी मागून जातो. मला भिंतीचा आवाजही मिळेल."

दारापाशी जिथे दोन्ही वाटा एकत्र येत होत्या तिथे फरशी जमिनीत खोचून बसवायची, कड अजिबात वर ठेवायची नाही, असं ठरलं. आरोहीने लिहून घेतलं. लिहून झाल्यावर सरांनी मावशीला विचारलं, "आणि तुम्हाला काय हवं?"

मावशीला हा प्रश्न याआधी कुणी विचारला नसावा. ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "पाटी ठेवायला एक कट्टा. माझ्या डोक्याएवढा उंच. म्हंजे येकटी बाय आली तरी पाटी सरकवून ठेवंल, आनि निघताना डोक्यावर घेईल. कोनाला हाक मारायला नको."

आरोहीने खांबाशेजारी मावशीला उभं केलं आणि तिच्या कपाळाच्या उंचीवर खांबावर खडूची रेघ मारली.

हे सगळं जसंच्या तसं झालं असं नाही. वरची परवानगी यायला बराच वेळ गेला, आणि तोवर पट्टीवर एक लाकडी फळी टाकून ठेवली होती, जी दोघांच्याही उपयोगाची नव्हती. गाड्यांची नावं सांगणारा ध्वनिक्षेपक मंजूर झाला नाही. दर्शनाताईंचा भोंगाच अजून चालू आहे. बाकं पुढे घेतल्यामुळे पावसाची झड बसणाऱ्यांच्या पायांवर येते, त्यावरून आरोहीला बोलणी खावी लागली आणि तिने पुढे एक पत्रा वाढवून घेतला. सर आणि मावशी यांचंही एकदा वाजलं. कट्टा नेमका सरांच्या वळणावर येत होता. "तुमचा कट्टा माझ्या कपाळात बसणार," सर म्हणाले. "मग वाकून जावा," मावशी म्हणाली. शेवटी कट्टा हातभर सरकला.

गेल्या दिवाळीनंतर ते काम पुरं झालं. पहिल्या दिवशी सर भिंतीच्या कडेने आले, बाकांच्या मागून, काठी आधी भिंतीला आणि मग पट्टीला लावत. दारापाशी जरा थांबले. समोर मावशी नुकतीच उतरली होती, डोक्यावर पाटी, मनगट अजून थोडं वाकडं. "मावशी, तुम्ही आधी," सर म्हणाले. "नाय, गुरुजी, तुमी. तुमची शाळा हाय." शेवटी कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा सर चढले.

आता त्या कट्ट्यावर मावशीच्या पाटीबरोबर गॅसची शेगडी, बॅगा, पोरांची दप्तरं, काय वाटेल ते ठेवलेलं असतं. मासळीवाल्या बायकांनी त्याचा एक कोपरा आपला करून टाकला आहे. एकदा एका तरुण आईने तिथे बाळाला बसवलेलं पाहिलं आणि मी धावतच गेले. मी तिला सांगितलं, तिने उचललं. सरांना मी हे सांगितलं तर ते हसायला लागले. "आणखी एक माणूस निघालं बघा," म्हणाले, "ज्याला विचारायचं राहून गेलं."

बदलीचा अर्ज त्यांनी केला नाही. रविवारी वाचनालयात जायला लागले. परवा आरोहीचा फोन आला. तिचं पुढचं काम दापोलीला आहे, बाजारपेठेजवळचा एक थांबा, जिथे कृषी विद्यापीठाची मुलं आणि हर्णेहून मासळी घेऊन येणाऱ्या बायका एकाच वेळी उतरतात. "सर, मी परात तयार केलीय," ती म्हणाली, "पण बोटं फिरवायला तुम्ही नाही."

सरांनी आतापर्यंत दापोली एकट्याने कधी केली नव्हती. गाडी लांबची, खेडमार्गे वळसा, तिथला स्टँड अनोळखी. स्वप्नाताई म्हणाल्या, मी रजा घेते. मीही म्हटलं, रविवारच आहे, मी येते. सरांनी दोघींचंही ऐकून घेतलं.

रविवारी सकाळी ते एकटेच गेले. दर्शनाताईंनी गाडीत बसवलं, एवढंच. दुपारी मला त्यांचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता, कुणी तरी मासळीच्या पाटीवरून भांडत होतं.

"पोचलात का नीट?" मी विचारलं.

"पोचलो. इथे दोनदा चुकलो, एकाने भलत्याच गल्लीत नेलं," सर म्हणाले. आवाजात थकवा होता आणि उत्साहही. "बाई, जरा नंतर बोलू का? हर्णेच्या एक मावशी म्हणतायत, त्यांना कट्टा नको, पाणी हवंय, मासळीवर मारायला. ऐकून घेतो."

आणि त्यांनी फोन ठेवला.